घरात वाजतं, रानात नुसतं ओरडतं: लोहयुक्त जमिनीत सोनं शोधताना

राम राम दादा.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माजलगाव तालुक्यात तुमचं दोन एकर कापसाचं रान. वेचणी करताना आईंचं मंगळसूत्र पऱ्हाटीत अडकून तुटलं. काळे मणी आणि एक वाटी त्याच दिवशी सापडली, पण दुसरी वाटी आणि सोन्याचे सहा मणी गेले. तुम्ही ऑनलाइन नऊ हजारांचं मेटल डिटेक्टर मागवलं. घरात फरशीवर आईंची अंगठी ठेवली तर ते सात-आठ इंचांवरून वाजतं. रानात नेलं की एकतर सारखं ओरडतं, नाहीतर आवाज कमी केल्यावर दोन इंचांखालचं काहीच सांगत नाही. मशीन खराब आहे का, महागाचं घ्यावं का, आणि शेजारी म्हणतात तसं ‘जमिनीत लोखंड जास्त म्हणजे खाली सोनं’ हे खरं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मशीन बहुधा चांगलं आहे. घरात सात-आठ इंच धरतंय म्हणजे त्याचे कान शाबूत आहेत. अडचण तुमच्या जमिनीत आहे. या जमिनीत लोहाची खनिजं इतकी आहेत की ती सोन्यापेक्षा मोठ्यानं बोलतात, आणि मशीन ऐकतं ते जमिनीचंच बोलणं. हे एकदा नीट समजलं की नऊ हजारांच्या मशीनवरही वाटी सापडायची आशा आहे. मण्यांचं मात्र वेगळं आहे, ते पुढं सांगतो.

मी अंबाजोगाईत मोटार रिवाइंडिंगचं काम करायचो. गेली सोळा वर्षं रानात हरवलेले दागिने, पाइपलाइनचे गाडले गेलेले व्हॉल्व्ह, बुजलेल्या बोअरचे केसिंग शोधून देतो. जे सांगतोय ते मशीन खांद्यावर टाकून रानोरान हिंडून शिकलेलं आहे. तरी तुमचं रान मी पाहिलेलं नाही. काळी खोल जमीन आहे की मुरमाड, चोपण म्हणजे खारवट पट्टा आहे का, वेचणीनंतर पाणी दिलं का, कुळवाची पाळी घातली का, यावर निम्मं गणित बदलतं. म्हणून कारणंही सांगतो, म्हणजे तुमच्या रानाला काय लागू पडतं ते तुम्हालाच ठरवता येईल.

आपला मराठवाडा जवळजवळ सगळा दख्खनच्या लाव्ह्यावर बसलेला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोहाची ऑक्साइडं साधारण १० ते १५ टक्के असतात. हाच पाषाण कुजून मुरूम होतो आणि मुरमातून आपली काळी माती. पाषाणातलं बरंच लोह तसंच मातीत उतरतं. अपवाद नांदेडच्या पूर्वेकडचा. देगलूर, मुखेड, बिलोलीकडे जुना ग्रॅनाइट वर आलेला आहे. देगलूरजवळ एका रानात मी पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा ते इतकं शांत होतं की बॅटरी उतरली असं वाटून मी ती बदलली. एकच मशीन, एकच माणूस, फक्त खालचा दगड वेगळा.

पण लोह जास्त म्हणजे त्रास जास्त, इतकं सरळ नाही. ते कुठल्या रूपात आहे हे बघावं लागतं. गेरूतलं लोह, म्हणजे हेमॅटाइट, दिसायला लालभडक असतं, पण चुंबकाला फारसं जुमानत नाही. खरा आवाज करतं ते मॅग्नेटाइट. आपल्या पाषाणात त्याचे टायटॅनियम मिसळलेले बारीक काळे कण असतात, आणि त्यांचं चुंबकीय बळ हेमॅटाइटच्या शेकडो पट, कधी त्याहून जास्त भरतं. तिसरं मॅगहेमाइट. ते रंगानं गेरूसारखं तांबूस आणि गुणानं मॅग्नेटाइटसारखं, म्हणून फसवं. तेव्हा रंगावरून जमीन ठरवू नका. काळ्या मातीचा काळेपणाही लोहामुळे नसतो, तो चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे असतो.

तुमच्या जमिनीत चुंबकी खनिज किती आहे ते पाच मिनिटांत कळतं. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, सुतळी बांधा आणि कोरड्या भुसभुशीत मातीतून दहा पावलं ओढत न्या. मग पिशवी कागदावर धरून चुंबक आतून बाहेर काढा. कागदावर पडेल ती काळी बारीक भुकटी हाच तुमचा शत्रू. धुऱ्याकडेच्या ओढ्यात पावसाच्या पाण्यानं साठलेली काळी वाळू असेल तर तिथंही ओढून बघा, चुंबकाला मिशा फुटतात.

आता ही भुकटी मशीनला काय करते ते सांगतो. मोटारीचं वाइंडिंग करताना नुसती तांब्याची कॉइल टेस्टला लावली तर तिचा जोर नगण्य असतो, आणि तीच लोखंडी पत्र्याच्या गाभ्यावर चढवली की जोर कित्येक पटींनी वाढतो. डिटेक्टरची तबकडी म्हणजेही कॉइलच आहे. एक कॉइल सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते, दुसरी परत काय येतं ते ऐकते. फरशीवर तबकडीखाली गाभा नव्हता. रानात तुम्ही तबकडी मॅग्नेटाइट मिसळलेल्या मातीवर धरली, म्हणजे तिला गाभाच जोडला. तबकडी एक बोट खाली-वर झाली की हा गाभा जवळ-लांब होतो आणि सिग्नल उसळतो. म्हणून ते मशीन ‘सारखं ओरडतं’. त्या ओरडण्यात धातू नसतोच, तुमच्या हाताचं खाली-वर होणं असतं.

मग मशीन धातू आणि माती वेगळी कशी करतं? उत्तर यायला किती उशीर लागतो त्यावरून. मॅग्नेटाइटचा कण तबकडीच्या क्षेत्राला तत्काळ, पावलाला पाऊल मिळवून उत्तर देतो. सोन्यासारख्या धातूत आधी प्रवाहाचे भोवरे फिरावे लागतात, म्हणून त्याचं उत्तर थोडं मागं पडतं. मातीचं उत्तर साधारण किती मागं पडतं ते मशीनला एकदा शिकवलं की ते तेवढं उत्तर कापून टाकतं आणि उरलेलं ऐकवतं. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. तुमच्या मशीनवर तसं बटण किंवा खुंटी आहे का ते आधी बघा. या किमतीच्या बऱ्याच मशीनांत ते कारखान्यातच एका सरासरी जमिनीला बसवून दिलेलं असतं, आणि ती सरासरी जमीन म्हणजे आपलं रान नव्हे.

सगळी माती प्रामाणिकपणे तत्काळ उत्तर देत असती तर काम सोपं होतं. पण चुंबकी कणांतले काही फार सूक्ष्म असतात, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या घरातले. ते उशिरा चुंबकतात आणि उशिरा सोडतात, म्हणजे थोडेफार धातूसारखे वागतात. असे कण वाढतात ते मुख्यतः आगीनं. माती तापली की तिच्यातल्या साध्या लोहाचं मॅगहेमाइट होतं. म्हणून पऱ्हाटीचे ढीग जाळलेली जागा, गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळची माती, जुनी वीटभट्टी, पांढरीतली, म्हणजे जुन्या गावठाणातली राख मिसळलेली माती इथं ग्राउंड बॅलन्स नीट करूनही मशीन डळमळतं. धारूरकडे एका शेतात एकाच ठिकाणी मला वारंवार गोड, भरीव आवाज येत होता. हातभर खणलं, काही नाही. शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, इथं दोन वर्षांपूर्वी तुराट्यांची गंज पेटली होती. तेव्हापासून कुठल्याही रानात गेलो की आधी विचारतो: इथं काय काय जाळलंय?

विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागतो, तो तुम्ही पाहिला असेल. एक लाव्हा थंड होऊन त्याच्यावर माती तयार झाली आणि दुसऱ्या लाव्ह्याखाली ती गाडली गेली, ती ही. विहिरीचा असा मलबा पसरलेला असेल तर तेवढा भाग शोधताना वेगळा धरा. शेजारच्या काळ्या मातीवर बसवलेला बॅलन्स तिथं चालणार नाही. उलट प्रकारही आहे. काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे असतात, त्यांच्यात चुंबकी खनिज जवळपास नसतं. मशीननं आजूबाजूची माती कापून शून्य केलेली असते आणि मध्येच तिच्यापेक्षा कमी बोलणारा खडा आला की काही मशीनं तोही बदल म्हणून वाजवतात. खड्यावरून तबकडी पुढं गेल्यावर आवाज येतो, बरोबर वर असताना येत नाही. दहा-वीस खडे उकरले की हा फरक कानाला कळायला लागतो.

आता खोलीचं बघू. लहान वस्तूचा सिग्नल अंतरानं फार भराभर मरतो. तबकडीच्या रुंदीच्या मानानं वस्तू लांब असेल तर ढोबळ हिशेब असा की अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट कमी, कारण जातानाही क्षेत्र पातळ होतं आणि परत येतानाही. माती मात्र तबकडीला लागूनच आहे आणि सगळीकडे पसरलेली आहे, तिचा आवाज एवढा घटत नाही. वाटी चार इंचांवर गेली की तिचा आवाज मातीच्या कुरबुरीखाली जातो, मशीन बंद पडलेलं नसतं. याचा उपाय दोन बाजूंनी करता येतो. मातीचा आवाज कमी करा, नाहीतर वाटीचं अंतर कमी करा. महागाचं मशीन पहिलं काम थोडं जास्त चांगलं करतं. दुसरं काम खुरप्यानं होतं, आणि त्याचा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

एक उलटी वाटणारी गोष्ट. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनच्या कानाची तिखटाई, पूर्ण वाढवून रानात जाऊ नका. आपल्या जमिनीत ती वाढवली की मातीचा आवाजच मशीनचा कान भरून टाकतो आणि सोन्याला जागा राहत नाही. हळूहळू कमी करत जा. मशीन जिथं जेमतेम शांत होईल, कुठंतरी एखाद-दुसरा ‘टिक’ येईल, तिथं थांबा. अनेकदा असं कमी केलेलं मशीनच जास्त खोल सांगतं. तबकडीचंही तसंच आहे. मोठी तबकडी जास्त माती बघते. लोहाच्या जमिनीत लहान, पाच-सहा इंचांची तबकडी मातीचा कमी आवाज उचलते आणि लहान दागिना स्पष्ट सांगते. तुमच्या मशीनला लहान तबकडी मिळत असेल तर नवं मशीन घेण्याआधी ती घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे शिकायला मला एका बाईची अंगठी घालवावी लागली. मशीनवर ‘लोखंड वगळा’ अशी सोय असते, डिस्क्रिमिनेशन. खिळे, नालाचे तुकडे, फाळाचे तुकडे नकोत म्हणून सगळे ती चालू करतात. मीही केली होती. केजजवळच्या एका रानात दोन दिवस चाललो, काही मिळालं नाही, हात जोडून परत आलो. पुढच्या खुरपणीत मजूर बाईला तीच अंगठी चार इंचांवर मिळाली, मी ज्या पट्ट्यावरून चार वेळा गेलो होतो त्याच पट्ट्यात. नंतर घरी येऊन तशीच अंगठी त्याच मातीत पुरून बघितली. वर ठेवली की मशीन ‘सोनं’ दाखवायचं, तीन इंच खाली गेली की ‘लोखंड’. सोन्याचा क्षीण आवाज मातीतल्या लोहाच्या मोठ्या आवाजात मिसळून जातो, मशीन दोन्हींची बेरीज वाचतं, आणि बेरीज लोखंडाच्या बाजूला झुकते. मी मशीनला ‘लोखंड सांगू नकोस’ म्हटलं होतं, त्यानं ऐकलं. आपल्या जमिनीत दागिना शोधताना ही सोय बंद ठेवा, पडद्यावरचे आकडे आणि चित्रं विसरा, आणि प्रत्येक आवाज उकरा. बियाण्याच्या पिशवीची चंदेरी पट्टी, औषधाच्या बाटलीचं सील, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा हेही सोन्यासारखेच वाजतात. मशीन ते वेगळे करू शकत नाही. शंभर तुकडे काढावे लागतील. काढा.

दागिन्याचा आकारही बघावा लागतो. बंद अंगठी सगळ्यात सोपी, तिच्यात भोवरा गोल फिरायला पूर्ण वाट असते. तीच अंगठी चिरली की आवाज निम्म्याहून खाली येतो. बारीक साखळी सगळ्यात अवघड. पाच ग्रॅमची साखळी असली तरी कड्या एकमेकींना नीट टेकत नाहीत, म्हणून मशीनला दिसते ती एकेक कडी. वाटी चांगली. तिचा गोल काठ अंगठीसारखाच वागतो. सहा मणी मात्र एकमेकांपासून सुटले असतील तर एकेक मणी तुमच्या मशीनला आपल्या मातीत एक-दीड इंचापलीकडे ऐकू येईल असं मला वाटत नाही. तेव्हा मशीन वाटीसाठी, आणि मण्यांसाठी चाळणी.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, सापडलेली वाटी. हरवलेल्या वाटीची हुबेहूब जोड. ती प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घाला, पिशवीला हातभर नायलॉनचा दोरा बांधा, दोऱ्याला रंगीत चिंधी. त्याच रानात, जिथं काही आवाज नाही अशा जागी ती दोन इंचांवर पुरा, पायानं माती दाबा आणि मशीन फिरवा. मग तीन, मग चार. कुठं आवाज संपतो ते लिहून ठेवा. तो तुमचा खरा आकडा. समजा तो अडीच इंच आला, तर तुमचं काम ठरलं: अडीच इंचांचा थर बघायचा, तेवढी माती काढायची, पुन्हा बघायचं. ज्याला हा आकडा माहीत नाही तो वरवर फिरतो आणि ‘इथं काही नाही’ म्हणून निघून जातो.

रानात जाण्याआधी घरातला कापूस तपासा. वेचताना ओटी पोटाशी असते आणि मंगळसूत्र तिच्या बरोबर वर. तुटलेला मणी आधी ओटीत पडायची शक्यता खूप. कापसात लोहाची माती नाही, तिथं तुमचं मशीन फरशीवर जसं चालतं तसंच चालेल. जमिनीपासून वर, सुतळीच्या बाजेवर कापूस चार-चार बोटं पसरा आणि मशीन फिरवा. बाज लाकडी असावी, लोखंडी पलंग नको. कापूस विकला असेल तर हा मार्ग गेला, पण गोणपाटं आणि ताडपत्री झटकून बघा.

मग जागा आवळा. काळे मणी जिथं मिळाले ती झाडं धरून चारी बाजूंनी दहा-बारा फुटांचा चौकोन सुतळीनं आखा. दोन एकर शोधायला निघालात तर काहीच मिळणार नाही. आईंना त्या जागी उभं करा. कुठल्या ओळीत होत्या, तोंड कुणीकडं होतं, तुटल्याचं लगेच कळलं की ओळ संपल्यावर, हे विचारा. पऱ्हाट्या उपटू नका, उपटताना माती उलटते. जमिनीलगत कापून घ्या, खुंट उरले तर तबकडी त्यांना आपटू देऊ नका, आपटली की खोटा आवाज येतो.

मशीन लावण्याआधी भेगा बघा. काळी जमीन वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि वाटीसारखी गोल गोष्ट घरंगळत थेट वीतभर खाली जाते. टॉर्च लावून, पोटावर झोपून प्रत्येक भेग बघा. आणि हे लक्षात ठेवा: शोध संपेपर्यंत तेवढ्या चौकोनाला पाणी देऊ नका, पाळी घालू नका. पाणी मिळालं की चिकणमाती फुगते, भेग मिटते आणि वाटी आत गाडली जाते. शिवाय ओली काळी माती, त्यातून चोपण असेल तर क्षारांमुळे, वीज वाहायला लागते आणि मशीनला लोहाच्या आवाजावर हा दुसरा आवाज चढतो. दोन्ही एकाच बॅलन्सनं कापता येत नाहीत. कोरडी जमीन बरी.

झटका मशीन बंद करा, तुमचंही आणि शेजाऱ्याचंही. रानडुकरांसाठी तारेला लावलेलं ते मशीन दर सेकंदाला ठोका देतं आणि डिटेक्टर तो ठोका पकडतं. सेकंदाच्या तालावर टिकटिक येत असेल तर ती जमिनीतली नाही. वीजवाहिनीखाली, चालू मोटारीजवळही तेच. मोबाइल खिशातून काढून धुऱ्यावर ठेवा. पायात लोखंडी टाचेचा बूट नको.

ग्राउंड बॅलन्सची खुंटी असेल तर आवाज नसलेल्या जागी तबकडी जमिनीपासून फूटभर उंचीवरून दोन बोटांवर आणा, परत वर न्या, असं पंपासारखं करत खुंटी फिरवा, खाली-वर करताना आवाज बदलेनासा होईपर्यंत. आकडा दाखवणारं मशीन असेल तर तो टिपून ठेवा. माझ्या मशीनवर आपल्या काळ्या, मुरमाड रानात तो ८० च्या पुढं जातो, ते मॅग्नेटाइटचं लक्षण. दर दहा-पंधरा पावलांनी पुन्हा करा. खुंटी नसेल तर एकच उपाय: तबकडी कायम एकाच उंचीवर, दोन बोटं, जमिनीला समांतर. टोकाला हात वर उचलायची सवय सगळ्यांना असते, तिथंच खोटे आवाज येतात. ढेकळं आधी फोडून जमीन सपाट करून घ्या, ढेकळांमधल्या पोकळ्याही वाजतात. हळू फिरवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा. एकाच दिशेनं वाजणारा, परत येताना न वाजणारा आवाज बहुधा मातीचा. दोन्ही बाजूंनी, काटकोनात फिरूनही त्याच जागी वाजला तर उकरा.

पहिला थर बघून झाला की खुरप्यानं तेवढीच माती खरवडून प्लास्टिकच्या घमेल्यात भरा, लोखंडी घमेलं नको. ती माती बाजेवर ताडपत्री टाकून इंचभर पसरा आणि त्यावरून मशीन फिरवा. दोन फूट वर असल्यामुळे खालची सगळी जमीन मशीनपासून लांब जाते, बोलायला उरते फक्त इंचभर माती. माजलगावच्या जमिनीत बसून देगलूरची शांतता मिळवायची ही माझी रीत आहे, आणि सहा-सात दागिने मला असेच मिळाले आहेत. नंतर तीच माती टबात भिजवून बारीक प्लास्टिकच्या चाळणीतून पाण्यानं गाळा. मणी असतील तर चाळणीत राहतील. झारेकरी सराफाच्या दुकानातली धूळ धुतात तसं पाटीत हेलकावे देऊन जड माल खाली बसवायच्या भरीस पडू नका. भरीव सोनं खाली बसतं, पण मंगळसूत्राचे मणी पोकळ किंवा लाख भरलेले असतात, ते हलके पडतात आणि गाळाबरोबर वाहून जातात.

महागाच्या मशीनबद्दल. लोहाच्या जमिनीसाठी पल्स इंडक्शन नावाचा वेगळा प्रकार आहे. तो सतत क्षेत्र न सोडता एक झटका देतो, थांबतो, आणि काही मायक्रोसेकंदांनी ऐकतो. तोवर साधं मॅग्नेटाइट गप्प झालेलं असतं, धातूचा भोवरा मात्र अजून विरत असतो. सूक्ष्म कणांची मातीही उशिरापर्यंत बोलते, पण तिचं विरणं आणि धातूचं विरणं वेगवेगळ्या चालीचं असतं, त्यावरून चांगली यंत्रं फरक करतात. ऑस्ट्रेलियाच्या लाल जमिनीत सोन्याचे गोळे शोधणाऱ्यांना हीच अडचण होती, आणि १९९० च्या दशकात तिथल्या माइनलॅब कंपनीनं अशी सोन्याची यंत्रं आणली. किमती लाखांच्या घरात जातात. शिवाय हलका, पातळ दागिना फार लवकर गप्प होतो, काही वेळा मातीबरोबर तोही कापला जातो. एका वाटीसाठी तुम्ही ते घ्यावं असं मी सांगणार नाही.

शेजाऱ्यांच्या समजुतीचं मूळही कदाचित तिथलंच असेल. ऑस्ट्रेलियात लाल, लोहाच्या जमिनीत सोनं मिळतं हे खरं. १९८० मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात मेटल डिटेक्टरनं २७ किलोचा गोळा सापडला होता. पण ते सोनं लोहामुळे आलेलं नाही. ते जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमधून सुटून मातीत पसरलेलं आहे. आपल्याला जवळचं उदाहरण रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीचं. तिथला खडक आपल्या लाव्ह्याहून कितीतरी पट जुना. आपल्या काळ्या पाषाणात सोन्याच्या शिरा नाहीत. मशीन तुमच्या रानभर ओरडतंय ते मॅग्नेटाइटमुळे.

कुणी ‘लांब पल्ल्याचा लोकेटर’ साठ हजारांना देतोय असं तुम्ही लिहिलंय. दोन दांड्या धरून अर्ध्या किलोमीटरवरचं सोनं सांगणारं यंत्र. घेऊ नका. वर सांगितलेला ६४ पटींचा हिशेब एकदा करून बघा, सहा फुटांवरची वाटी कुठल्याही यंत्राला ऐकू येणं शक्य नाही. गुप्तधनाच्या नावानं कुणी अघोरी पूजा, नरबळी असं सुचवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. शोधताना खरंच जुनी नाणी, भांडं असं काही लागलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. स्वतःची वाटी शोधायला कुणाची परवानगी लागत नाही.

आईंना सांगा, सोनं गंजत नाही आणि एक इंचही आपणहून चालत नाही. घाई फक्त पाण्याची आणि नांगराची आहे. आधी जोडीच्या वाटीची चाचणी करा, आणि आवाज किती इंचांवर संपला, चुंबकाला किती काळी भुकटी लागली, मशीनचं मॉडेल कोणतं हे इथं लिहा. त्यावरून थर किती जाडीचा घ्यायचा ते सांगतो.